पोटातला फुगा आणि पुढची वर्षे

सत्तरच्या दशकात सिडकोने वाशी वसवायला घेतली. ऐन तिशीत खाडी ओलांडून तिथे राहायला गेलेली माणसे आज पंच्याहत्तरी-ऐंशीला पोहोचली आहेत. पोटातली महाधमनी फुगण्याचा आजार याच उतारवयातला, आणि त्यातही विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांचा. सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची ही रक्तवाहिनी साडेपाचपर्यंत फुगली की डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात. बहुधा दुखतखुपत काही नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसते.

आइनस्टाईनना हाच आजार होता. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडून फुगा चक्क सेलोफेनमध्ये गुंडाळला! त्यावर ते सहा वर्षे जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. मधल्या काळात, १९५१ मध्ये, पॅरिसला शार्ल द्यूबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तिथे मृत व्यक्तीची धमनी जोडून दाखवली होती. पुढे डेक्रॉन कापडाच्या नळ्या आल्या. पण पोट उघडणे काही टळेना.

ते टाळले अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी. सप्टेंबर १९९० मध्ये ब्यूनॉस आयरिसला त्यांनी जांघेतल्या धमनीतून घडी केलेली कापडी नळी वर सरकवली आणि फुग्याच्या आत उघडली. रक्त नळीतून वाहू लागले. रुग्ण काही दिवसांत घरी! शस्त्रक्रिया न सोसणाऱ्यांना तर हे वरदानच वाटले.

मात्र इथे एक गोष्ट विसरली जाते. पोट उघडून बसवलेली नळी टाक्यांनी शिवलेली असते. ही नुसती आतून दाबून, फार तर बारीक आकड्यांनी धरलेली. फुगा जागेवरच राहतो. वर्षे जातात, धमनीची मान रुंदावते, नळी खाली घसरते, जोड सुटतात. कधी पाठीकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटे फुग्यात शिरते. या गळतीला ‘एंडोलीक’ म्हणतात. रुग्णाला मात्र काहीच जाणवत नाही.

ब्रिटनमध्ये १९९९ पासून १२५२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. पहिल्या महिन्यात नव्या पद्धतीत दोन टक्क्यांहून कमी रुग्ण दगावले, जुनीत चारहून अधिक. पण २०१६ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा आठ वर्षांनंतर पारडे फिरलेले दिसले. झाकलेले फुगे पुन्हा फुटत होते.

म्हणून या रुग्णांना सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफी नियमाने, आयुष्यभर करावी लागते. आपल्याकडे नेमके हेच राहते. माणूस ठणठणीत दिसतो, मुले परदेशी, फाइल कपाटाच्या वरच्या खणात. गळती वेळेवर सापडली तर बहुतेकदा पुन्हा जांघेतूनच बंद करता येते. क्वचित ते जमत नाही. मग जी मोठी शस्त्रक्रिया टाळायची होती, तीच आणखी दहा वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या देहावर करावी लागते.