वाढता समुद्र आणि गोव्याची खाजने

२०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. २०२४ हे दीड अंशाची पातळी ओलांडणारे पहिले वर्ष ठरले. कोळसा व खनिज तेलाच्या ज्वलनामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या पुढे गेले, हे त्याचे प्रमुख कारण. ही अतिरिक्त उष्णता हवेतच साठते असा समज असला, तरी तिचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा समुद्र पोटात घेतो. तापलेले पाणी प्रसरण पावते, त्यात वितळलेल्या हिमाची भर पडते आणि पातळी चढते. गोव्यात या चढत्या पाण्याची पहिली झळ खाजनांना बसते.

मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात बांध घालून दलदलीतून मिळवलेली ही सखल जमीन सुमारे १८ हजार हेक्टर भरते. पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके गावकऱ्यांनी ती घडविली. यातील बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे. त्याचे रक्षण बांध करतो आणि पाण्याची ये-जा मानस सांभाळते. मानस म्हणजे बांधातले लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातले पावसाचे पाणी नदीत उतरते. ना यंत्र, ना इंधन. सारी भिस्त आतल्या व बाहेरच्या पाण्याच्या पातळीतील फरकावर.

हा फरकच आता कमी होत आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. वीतभर पाण्याने काय होते, असे कोणी म्हणेल. पण बाहेरची पातळी जितकी चढते, तितका मानस उघडी राहण्याचा अवधी घटतो. दुसरीकडे, प्रत्येक अंशामागे हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस कोसळतो तो एकदम. पाणी काढायचे अधिक आणि त्यासाठी मिळणारा वेळ कमी, अशी ही कोंडी आहे.

कोरगूट हे खाजनातले भात खारटपणा सोसते. मात्र पेरणीआधी पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन जावे लागते. ऐन हंगामात बांध फुटून खारे पाणी आत शिरले, तर कोरगूटही हात टेकते. मग शेत पडीक राहते, खारफुटी माजते, लगतच्या विहिरी खारट होऊ लागतात. भाताबरोबर हिवाळ्यातला भाजीपाला जातो, आणि मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातून मिळणारे उत्पन्नही.

वादळांनी यात भर घातली आहे. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्र शांत गणला जाई. ऑक्टोबर २०१९ मध्ये, भात कापणीला आले असताना, ‘क्यार’ने याच समुद्रात महाचक्रीवादळाचे रूप घेतले, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले.

तथापि प्रत्येक फुटलेला बांध तापमानवाढीच्या खाती टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनी बांध झिजले. मत्स्यपालनासाठी काही ठिकाणी ते मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी आहेत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर देखभालीची जबाबदारी कोमुनिदादींकडून कूळ संघांकडे सरकली आणि अनेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. पातळी स्थिर असती तर ही हेळसांड काही वर्षे खपलीही असती.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. पणजीचा मोठा भाग भराव घातलेल्या सखल जमिनीवर वसला आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की मळा भागात पाणी तुंबते. कारण शहराचे नालेही, मानशीप्रमाणेच, ओहोटीची वाट पाहत असतात.