पाण्यापासून सुरू होणारी कसोटी : हौशी स्पर्धक आणि शहरी ट्रायथलॉन

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. वेळेची मोजणी पाण्यात उतरताना सुरू होते आणि धावण्याची अंतिम रेषा ओलांडल्यावरच संपते. ओल्या अंगाने बूट चढवून सायकलवर बसण्यात जाणारी मिनिटेही त्यात धरली जातात. ऑलिम्पिक अंतराच्या शर्यतीत १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. एकूण ५१.५ किलोमीटरपैकी पाण्याचा वाटा जेमतेम तीन टक्के. हौशी स्पर्धकाच्या दृष्टीने मात्र हेच तीन टक्के निर्णायक ठरतात. धावणे आणि सायकल बहुतेकांना येते. शर्यतीला उभे राहायचे की नाही, हे पाणी ठरवते. धरणगावसारख्या खान्देशातील गावातून मोठ्या शहरातील स्पर्धेत उतरू पाहणाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

उगम आणि प्रसार

आधुनिक ट्रायथलॉनची सुरुवात २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहराच्या मिशन बे परिसरात झाली. धावपटूंच्या एका स्थानिक मंडळाने नेहमीच्या सरावात बदल म्हणून ती आखली होती. पुढे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या कल्पनेतून ‘आयर्नमॅन’ शर्यत झाली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन असे तिचे स्वरूप होते. सुरुवात पंधरा जणांनी केली, शेवट बारा जणांनी गाठला. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांत पहिला आला.

१९८२ च्या फेब्रुवारीत याच शर्यतीत आघाडीवर असलेली ज्युली मॉस ही विद्यार्थिनी अखेरच्या टप्प्यात कोसळली आणि रांगत अंतिम रेषेपर्यंत पोहोचली. पहिला क्रमांक हुकला. पण दूरचित्रवाणीवरील त्या दृश्याने ‘पूर्ण करणे’ हेच या खेळाचे ध्येय असल्याची भावना जनमानसात रुजवली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचा प्रथमच समावेश झाला. आज ऑलिम्पिक अंतराखेरीज ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर अशी ‘स्प्रिंट’ शर्यत आणि १.९, ९० व २१.१ किलोमीटर अशी ‘अर्ध-आयर्नमॅन’ शर्यत हौशींमध्ये रूढ आहे. या दुसऱ्या शर्यतीला मैलांतील एकूण अंतरावरून ‘७०.३’ असेही म्हणतात.

शहर आणि त्याचे पाणी

मोठ्या शहरातील ट्रायथलॉनचे आकर्षण वेगळे असते. एरवी वाहनांनी भरलेले रस्ते काही तासांसाठी बंद होतात आणि सामान्य नागरिक आपल्याच शहरातून सायकल दामटतो. शिकागोत मिशिगन सरोवर, हॅम्बुर्गमध्ये आल्स्टर तलाव, लंडनमध्ये रॉयल व्हिक्टोरिया डॉक आणि न्यूयॉर्कमध्ये हडसन नदी अशा शहराच्या मध्यवर्ती पाण्यात हजारो हौशी स्पर्धक उतरत आले आहेत. सर्वांना एकदम न सोडता वयोगटानुसार वा अपेक्षित वेळेनुसार तुकड्या करून काही मिनिटांच्या अंतराने सोडले जाते. घोट्याला बांधलेली चिप प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे नोंदवते.

अर्थात, अशा स्पर्धेसाठी पोहण्याजोगे पाणी शहराकडे असावे लागते. पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी सीन नदीच्या शुद्धीकरणावर प्रचंड खर्च करूनही, पाण्याच्या दर्जामुळे पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैऐवजी ३१ जुलैला घ्यावी लागली. भारतातील बहुतेक महानगरांतील नद्या आणि किनारे पाहता येथील अनेक स्पर्धांत पोहण्याचा टप्पा जलतरण तलावातच का उरकावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झालेली ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ महत्त्वाची ठरते. या मालिकेतील ती भारतातील पहिली स्पर्धा. सैन्यदलाच्या बिश्वरजित सायखोम यांनी ती सुमारे पावणेपाच तासांत जिंकली. करोनाकाळातील खंडानंतर ती २०२२, २०२३ आणि २०२४ मध्येही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पार पडली आणि महाराष्ट्रातील हौशी स्पर्धकांना परदेशवारी न करता या अंतराची वाट मोकळी झाली.

त्यापूर्वी मराठी मुलखात या खेळाचे नाव पोहोचवणाऱ्यांपैकी दोघांची उदाहरणे बोलकी आहेत. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी अनेक आयर्नमॅन शर्यती पूर्ण केल्या आणि पुढे प्रशिक्षक म्हणून इतरांना घडवले. अभिनेते मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, झुरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. दोघेही मूळचे राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू. ज्यांचे पाण्याशी आधीच सख्य होते, त्यांना उरलेले दोन खेळ जोडून घेता आले. बहुसंख्य हौशी स्पर्धक नेमके उलट्या दिशेने येतात.

विहिरीतले पोहणे

बालकवींचे जन्मगाव असलेले धरणगाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर, कापसाच्या पट्ट्यात वसले आहे. उत्तरेला तापीचे खोरे आणि त्यापलीकडे सातपुडा. सायकलच्या सरावाला येथील सपाट, लांब रस्ते उत्तम. ऑलिम्पिक अंतरातील ४० किलोमीटर म्हणजे धरणगावहून जळगावला जाऊन परत येण्यापेक्षा कमीच प्रवास. धावण्यासाठी पहाटेचे शेतरस्ते आहेत. प्रश्न उरतो तो पाण्याचा, कारण तालुक्याच्या गावी नियमित सरावाचा जलतरण तलाव सहसा हाताशी नसतो.

मात्र खान्देशाला पोहणे परके नाही. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मुलाला विहिरीत सोडायचे आणि काठावरून वडीलधाऱ्यांनी लक्ष ठेवायचे, ही शिकवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या शिक्षणाची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही ट्रायथलॉनच्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. तलावात शिकलेल्या शहरी स्पर्धकाला तळ दिसण्याची, आखलेल्या रेषेची आणि हात टेकायला कडा असण्याची सवय असते. समुद्रात यातले काहीच नसते, आणि तेथेच पुष्कळांचा धीर सुटतो. विहिरीत शिकलेल्याने तळ कधी पाहिलेलाच नसतो. खोल, गढूळ पाण्याची धास्ती त्याची लहानपणीच गेलेली असते.

उणीव आहे ती अंतराची आणि श्वासाची. आठ मीटर रुंदीच्या विहिरीत दीड किलोमीटर पोहायचे तर जवळजवळ १९० वेळा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जावे लागेल. शिवाय विहिरीत डोके वर ठेवून हात मारण्याची सवय लागते. त्यामुळे कंबर आणि पाय खाली जातात, मान आखडते व काही मिनिटांतच दम लागतो. तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडणे आणि मान किंचित बाजूला वळवून श्वास घेणे, हे तंत्र अशा पोहणाऱ्याला मुद्दाम शिकावे लागते. विहिरी आटत आणि त्यांची जागा बोअर घेत असल्याने नव्या पिढीला ही देशी शिकवणीही दुर्मीळ होत चालली आहे. गावाकडचा तरुण आपोआप पोहणारा असतो, हे गृहीतक त्यामुळे आता धरता येत नाही.

वेळेचे गणित

पाणी निर्णायक असले तरी तेथे वेग निर्णायक नसतो. शंभर मीटरला अडीच मिनिटे घेणारा स्पर्धक १५०० मीटर साडेसदतीस मिनिटांत पोहतो. दोन मिनिटे घेणारा तीस मिनिटांत. कित्येक महिन्यांच्या मेहनतीनंतर होणारा फायदा साडेसात मिनिटांचा. उलट ४० किलोमीटर सायकल ताशी २५ ऐवजी २८ किलोमीटर वेगाने चालवली तर सुमारे दहा मिनिटे वाचतात. म्हणून प्रशिक्षक हौशी स्पर्धकाला पाण्यातून न थकता बाहेर पडायला शिकवतात आणि वेळ सायकलवर कमवायला सांगतात.

७०.३ शर्यतीत तीन मर्यादा पाळाव्या लागतात. पोहणे एक तास दहा मिनिटांत, सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांत आणि संपूर्ण शर्यत साडेआठ तासांत. पहिल्या मर्यादेसाठी शंभर मीटरला सुमारे तीन मिनिटे चाळीस सेकंद पुरतात, म्हणजे संथ पोहणाराही त्यात बसतो. पण पोहण्यात ६५ आणि कपडे-बूट बदलण्यात १० मिनिटे गेली, तर ९० किलोमीटर सायकलसाठी सव्वाचार तास उरतात आणि सरासरी वेग २१ किलोमीटरच्या वर ठेवावा लागतो. खासदार तेजस्वी सूर्या यांनी २०२४ ची गोव्यातील स्पर्धा ८ तास २७ मिनिटे ३२ सेकंदांत पूर्ण केली. मर्यादेला अडीच मिनिटेही उरली नव्हती. हौशी स्पर्धकाची खरी लढत अशी घड्याळाशी असते.

नियम आणि साहित्य

महागडी सायकल आवश्यक नाही. दोन्ही ब्रेक चांगले असलेली, हँडलच्या नळीची टोके बंद असलेली कोणतीही सुस्थितीतील रोड सायकल चालते. हेल्मेट सक्तीचे असून त्याचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावता येत नाही. आयर्नमॅन मालिकेत पुढच्या सायकलमागे १२ मीटर अंतर राखावे लागते, कारण हवेचा आडोसा घेणे निषिद्ध आहे. कानात इयरफोन घालणे किंवा बाहेरच्यांची मदत घेणे हेही नियमबाह्य ठरते. थंड पाण्यात तरंगायला मदत करणारा रबरी ‘वेटसूट’ गोव्याच्या कोमट समुद्रात वापरता येत नाही. तेथे पोहणाऱ्याचा भरवसा स्वतःच्या श्वासावरच.

हवामानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या पाऱ्याची सवय असलेल्या खान्देशी शरीराला उष्णता नवी नसते, पण ती कोरडी उष्णता असते. किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अशा हवेशी जुळवून घ्यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी सवड नसेल तर सायकलचा आणि धावण्याचा वेग आधीच उतरवून ठेवणे शहाणपणाचे. नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक असते, कारण रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. पाण्याबरोबर मीठ आणि दर तासाला थोडे थोडे पिष्टमय खाणे आवश्यक ठरते.

धोका कोठे आहे

अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकस्मिक मृत्यू, हृदयक्रिया बंद पडणे आणि अपघाती मृत्यू अशा १३५ घटना त्यात नोंदल्या आहेत. प्रमाण लाखामागे दोनपेक्षाही कमी, म्हणजे खेळ सरसकट जीवघेणा नव्हे. पण या १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत पुरुष फार मोठ्या संख्येने होते, सरासरी वय सत्तेचाळिशीच्या आसपास होते आणि साठीपुढील पुरुषांत धोका कैक पटींनी वाढलेला दिसला. चाळिशी ओलांडलेल्याने नावनोंदणीपूर्वी हृदयाची तपासणी करून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे. शर्यतीत छातीत दुखू लागले किंवा श्वास जुळेना, तर हात वर करून जीवरक्षकाची नौका बोलवावी. बहुतेक स्पर्धांत नौकेला धरून विसावा घेतल्याने स्पर्धक बाद होत नाही. नौकेने पुढे नेले तरच होतो.

तयारीचा क्रम

नवशिक्याने थेट समुद्र गाठण्याची घाई करू नये. खान्देशात मार्च ते जून हा काळ रस्त्यावरील सरावाला कठीण, पण पाण्यासाठी अनुकूल असतो. त्या चार महिन्यांत जवळच्या शहरातील तलावात आठवड्याला दोन-तीन दिवस श्वासाचे तंत्र शिकून घ्यावे. पावसाळ्यानंतर सायकल आणि लगेच धावणे असा जोडसराव सुरू करावा, कारण सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत आणि ते सवयीनेच सुधारते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धांत छोट्या अंतरासाठी नाव देऊन लाटांचा अनुभव घेता येतो. पाणी अजूनही जड वाटत असेल तर अनेक स्पर्धांत तिघांच्या संघाची सोय असते. पोहणारा सोबती घेऊन सायकल किंवा धावणे स्वतःकडे ठेवता येते. त्यानंतर एखादी स्प्रिंट, मग ऑलिम्पिक अंतर आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिरामार, असा सुमारे दीड वर्षाचा आराखडा नोकरी-शेती सांभाळणाऱ्यालाही झेपण्यासारखा आहे.