नानांचे दप्तर कोणाचे?

वाईजवळच्या मेणवलीस आपली मंडळी जातात ती कृष्णाकाठची घंटा पाहावयास. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांच्या हाती आलेली ही चर्चची घंटा. बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची आकृती तिच्यावर आहे. घाटालगतचा वाडा नाना फडणविसांचा. त्या वाड्यात घंटेहूनही मोलाचे असे एक धन होते, ते म्हणजे नानांचे दप्तर.

नाना १८०० साली वारले. त्यांची पत्रे वंशजांकडे राहिली. पुढे रावबहादूर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी हे दप्तर मिळविले आणि साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. १९२६ मध्ये पारसनीस निवर्तले. १९३९ मध्ये संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. घरातले कागद अशा रीतीने समाजाचे झाले.

पण ते मुळात घरचे होते काय? नाना राज्याचे कारभारी. त्यांच्या पत्रांत घर कोठे संपते आणि दौलत कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. हाच प्रश्न १९९५ साली इंग्लंडात उभा राहिला. चर्चिल यांचे कागद राष्ट्रासाठी घेण्याकरिता लॉटरीच्या निधीतून सुमारे सव्वा कोटी पौंड दिले गेले, तेव्हा टीका झाली की, यांतील कितीएक कागद पंतप्रधानाच्या नात्याने लिहिलेले; जनतेने आपलेच धन विकत का घ्यावे? २०१२ मध्ये भारत सरकारने गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांच्याकडील पत्रसंग्रह लिलावापूर्वीच विकत घेतला. तसे झाले नसते तर पत्रे विखुरली असती. तेव्हा किंमत मोजणे चूक, असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र किंमत मोजल्याने काम संपत नाही. कृष्णेच्या काठाने खाली मिरजेस यावे. तेथील शाळेत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील मोडी पत्रे वाचून, निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः छापली. शास्त्रीबुवांपाशी धन नव्हते; मोडी वाचणारे डोळे आणि चिकाटी होती. तेवढ्यावर त्यांनी ही पत्रे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचती केली.

म्हणून आम्हांला वाटते, सार्वजनिक पैशाने विकत घ्यावयाचा तो कागद नव्हे, वाचण्याचा हक्क होय. दप्तर कुलुपात राहिले आणि मोडी जाणणारा उरला नाही, तर धनी बदलला एवढेच.

बाप्तिस्म्याची जुनी वही धर्मगुरूच्या कपाटात असते, परंतु धर्मगुरूच्या मालकीची नसते. आम्ही तिचे केवळ राखणदार. तीत आपल्या पणजोबांचे नाव शोधावयास कोणी आले, तर कपाट उघडणे आणि अक्षर लावून देणे हे आमचे काम. नानांच्या दप्तराच्या राखणदारांकडेही महाराष्ट्राने एवढेच मागावे.