वंशावळीला प्रश्न विचारतांना

आपल्या कुळाचा छापील कुलवृत्तांत आपणांपैकीं पुष्कळांनीं चाळला असेल. मूळ पुरुषापासून आरंभ करून पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशा शाखा तो सांगत जातो. त्यांत आपलें नांव सांपडलें म्हणजे मौज वाटते. पण हा सारा ग्रंथ एकाच प्रश्नाचें उत्तर आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. 'अमुक पुरुषाचे पुरुषवंशज कोण?' एवढाच तो प्रश्न. सुना पतीच्या ओळींत येतात. लेकी सासरीं गेल्या कीं बहुधा त्यांची शाखा तेथेंच संपते.

युरोपांत याच्या उलट दिशेनें विचारणारा एक गृहस्थ होऊन गेला. मिखाएल आयट्झिंगर हा ऑस्ट्रियाचा सरदार. १५९० सालीं कोलोन येथें छापलेल्या लॅटिन ग्रंथांत त्यानें फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री यास १ हा अंक दिला आणि तो पूर्वजांकडे चढत गेला. पिता दुसरा हेन्री २, माता कातरीन द मेदिची ३. कोणाच्याही अंकाची दुप्पट केली कीं त्याचा पिता, आणि तींत एक मिळविला कीं माता. कातरीनची आई अर्थातच ७. पहिला अंक सोडला तर सारे पुरुष सम, साऱ्या स्त्रिया विषम. या गणितांत एखाद्या आईची जागा रिकामी राहिली तर ती रिकामी दिसते. झांकून जात नाहीं. पुढें १८९८ सालीं श्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनिट्झ या जर्मन पंडितानें हीच पद्धति प्रचारांत आणली. बेंझीनची रचना सांगणाऱ्या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाचा हा मुलगा!

कागदावर मात्र प्रश्न बदलला कीं ग्रंथच नव्यानें लिहावा लागतो. संगणकानें ही गांठ सोडविली. तेथें नोंद एकीकडे राहते आणि उत्तर हवें तेव्हां, हवें तसें मागतां येतें. १९८४ सालीं अमेरिकेंतील मॉर्मन चर्चनें नोंदींची जेडकॉम ही लेखनपद्धति काढली. तिच्यामुळें एका प्रोग्रॅममधील वंशावळ दुसऱ्यास वाचतां येऊं लागली. २००१ सालीं सुरू झालेल्या ग्रॅम्प्स या मोफत प्रोग्रॅममध्यें तर आपला प्रश्न आपणच बांधावयाचा. एकेक नियम निवडावा. सर्व नियम लागू व्हावेत कीं निदान एक, हें ठरवावें. वाटल्यास त्यांत न बसणारेच मागावे.

मीं घरच्या वंशावळीवर हा प्रयोग केला. नियम तीन: व्यक्ति स्त्री असावी, विवाहित असावी, तिच्या आईबापांची नोंद नसावी. आजीच्या आधींच्या जवळजवळ साऱ्या सुना यादींत उतरल्या. तोच प्रश्न पुरुषांविषयीं विचारला, तर मूळ पुरुष आणि दोन-तीन जांवई!

यादींत आजीही पाहून मी चपापलों. तिच्या माहेरची नोंद तर मीं स्वतः केली होती. मग उलगडा झाला. लग्नांत नांव बदलल्यामुळें ती दोनदां नोंदली गेली होती. माहेरच्या नांवाला आईबाप होते, सासरच्या नांवाला नव्हते. दोन नोंदी एक कराव्या लागल्या. सनांचाही असाच घोळ होतो. शके १७०० म्हणजे इसवी सन १७७८, आणि वर्षअखेरच्या माघ-फाल्गुनांत १७७९. शक तसाच सन म्हणून भरला कीं नातू आजोबांच्या आधीं जन्मतो आणि संगणक तें निमूटपणें छापतो.

अखेर मीं अहवालाचे रकाने ठरविले: सासरचें नांव, माहेरचें नांव, पति, माहेरचें गांव, आणि ही माहिती कोठून मिळाली. हा शेवटचा रकाना कोणींही गाळूं नये. कागद छापून आमच्या वृद्ध आत्याबाईंपुढें ठेवला. त्यांनीं पेन्सिलीनें तीन माहेरें भरलीं. चौथ्या ओळींत केवळ पतीचें नांव होतें. तेथें त्या बराच वेळ थांबल्या.

"यांना आम्ही सारीं मुलें वहिनीच म्हणत असूं," त्या म्हणाल्या. "नांव विचारावें असें कधीं मनांतच आलें नाहीं."

'वहिनी' हा शब्द मीं टोपणनांवाच्या रकान्यांत घातला, आणि माहितीच्या रकान्यांत आत्याबाईंचें नांव व ती तारीख. बाकीचे तीन रकाने अजून कोरेच छापून येतात.