व्यक्ती आणि समाज : नॉर्बर्ट एलिआस यांच्या विचाराची घडण

व्यक्ती आधी की समाज आधी, हा वाद युरोपीय विचारविश्वात दीर्घकाळ चालत आला आहे. एका पक्षाने समाज म्हणजे व्यक्तींची केवळ बेरीज असे मानले. दुसऱ्या पक्षाने समाजाला स्वतंत्र सत्ता बहाल केली. एमिल दुर्खीम यांनी इ. स. १८९५ मध्ये समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम मांडताना सामाजिक तथ्ये व्यक्तीच्या बाहेर असून तिच्यावर दडपण आणतात, असे प्रतिपादन केले. वाद तीव्र असला तरी दोन्ही पक्षांची भाषा एकच होती : एकीकडे व्यक्ती, दुसरीकडे समाज, आणि मध्ये एक अदृश्य भिंत. ही भिंत मुळात आली कोठून, असा ऐतिहासिक प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांत नॉर्बर्ट एलिआस यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

एलिआस यांचा जन्म इ. स. १८९७ मध्ये ब्रेस्लाउ येथे, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्स्वाफ या नगरात, एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात सेवा केल्यानंतर त्यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांचा अभ्यास आरंभिला. एकीकडे शरीरविच्छेदनाच्या मेजावर त्यांना दिसत होते की, मानवी चेहऱ्याचे स्नायू दुसऱ्याशी संवाद साधण्यासाठीच जणू घडलेले आहेत. दुसरीकडे तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्ञाता पुरुष एकटाच बसून बाह्य जगाचे अस्तित्व सिद्ध करू पाहत होता. हा विरोध त्यांना स्वस्थ बसू देईना. आपल्या प्रबंधात कांटच्या अनुभवपूर्व ज्ञानतत्त्वांविषयी त्यांनी शंका घेतली, तेव्हा मार्गदर्शक रिशार्ड हनिग्सवाल्ड यांच्याशी त्यांचा मतभेद झाला, इ. स. १९२४ मध्ये पदवी मिळाली ती काही भाग गाळल्यानंतरच. पुढे ते समाजशास्त्राकडे वळले आणि फ्रांकफुर्ट येथे कार्ल मानहाइम यांचे साहाय्यक झाले. इ. स. १९३३ मध्ये नाझी सत्ता येताच त्यांना देश सोडावा लागला; प्रथम पॅरिस व नंतर लंडन येथे त्यांनी आश्रय घेतला.

लंडनमधील ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी सभ्यतेच्या प्रक्रियेवरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. इ. स. १९३९ मध्ये, म्हणजे महायुद्ध पेटले त्याच वर्षी, तो बाझेल येथे प्रसिद्ध झाला. शिष्टाचाराची जुनी पुस्तके हे त्यातील एक प्रमुख साधन होय. इरास्मुसने इ. स. १५३० मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत थुंकणे, नाक शिंकरणे, ताटात हात घालणे यांविषयी जे उघडपणे सांगितले आहे, ते उच्चारण्याचीदेखील पुढील शतकांतील ग्रंथकारांना लाज वाटू लागली. हा बदल एलिआस यांनी राज्यसंस्थेच्या इतिहासाशी जोडला. शस्त्रबळ आणि करवसुली यांचा मक्ता राजसत्तेकडे गेला, योद्ध्यांचे दरबारी झाले, परस्परावलंबनाच्या साखळ्या लांबत गेल्या. आणि पूर्वी बाहेरून पडणारा धाक हळूहळू माणसाच्या अंतरंगात आत्मसंयमाच्या रूपाने वस्तीस आला. आपले खरे स्वत्व आत कोंडलेले असून जग बाहेर आहे, ही आधुनिक माणसाची जाणीव या आत्मसंयमातूनच दृढ झाली. देकार्तचा एकाकी 'मी' हे सनातन सत्य नसून एका विशिष्ट इतिहासाचे अपत्य आहे. या कल्पनेला एलिआस यांनी 'होमो क्लाउसुस', म्हणजे बंदिस्त मानव, असे नाव दिले. हा मानव जणू प्रौढ म्हणूनच जन्मास येतो. त्याला बालपण नाही, माता नाही, भाषा शिकविणारे कोणी नाही.

त्याच्या जागी एलिआस यांनी परस्परांशी बांधलेल्या अनेक माणसांचा आकृतिबंध कल्पिला. समूहनृत्य हे त्याचे सोपे उदाहरण. नर्तकांवाचून नृत्य नसते, परंतु ते कोणा एका नर्तकाच्या इच्छेवरही चालत नाही. नर्तक बदलले तरी नृत्य चालू राहू शकते.

इ. स. १९७० च्या ग्रंथात त्यांनी भाषेचाही विचार केला. 'वारा वाहतो' असे म्हणताना वाहणारा असा कोणी वारा आधीपासून उभा आहे, असा भास होतो. वस्तुतः वाहणे हाच वारा. 'समाज' हे नाम असाच भास निर्माण करते. मराठीची रचना याहून निराळी नाही. 'पाऊस पडतो' हे त्याच जातीचे वाक्य होय. तथापि संस्कृतातून आलेल्या 'समाज' या शब्दाच्या मुळाशी 'एकत्र जाणे' ही क्रिया आहे, आणि अशोकाच्या पहिल्या शिलालेखात तो लोकांच्या मेळाव्याच्या अर्थाने येतो. नामाने झाकलेली गती येथे व्युत्पत्तीत शिल्लक आहे.

सर्वनामांची मालिका हे एलिआस यांना मानवी संबंधांचे मूळ प्रतिमान वाटले : 'तू', 'तो', 'आम्ही' यांच्यावाचून 'मी' या शब्दाला अर्थच नाही. या विचारात मराठी एक मोलाची भर घालू शकते. इंग्रजी व जर्मन भाषांत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही' अशी दोन रूपे आहेत. एलिआस व जॉन स्कॉटसन यांनी इ. स. १९६५ मध्ये 'विन्स्टन पार्वा' या कल्पित नावाने एका इंग्रज वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील जुने आणि नवे रहिवासी यांच्यात वर्ग वा वंश यांचा भेद नव्हता; भेद होता तो केवळ वास्तव्याच्या काळाचा. तरीही जुन्यांनी नव्यांना हीन लेखले. मराठीत सांगायचे, तर एकाच वस्तीत राहूनही 'आपण' न होता 'आम्ही' व 'ते' उरले.

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. सर्व काही आकृतिबंधाने घडत असेल, तर व्यक्तीच्या उत्तरदायित्वाचे काय? हा प्रश्न एलिआस यांच्यापुरता पुस्तकी नव्हता. त्यांची आई नाझींच्या ज्यू-संहारात बळी पडली. सभ्यतेची प्रक्रिया उलटू शकते, याची मीमांसा त्यांनी जर्मनांविषयीच्या इ. स. १९८९ च्या ग्रंथात केली. व्यक्तीला निवड असते, परंतु त्या निवडीचा अवकाश आकृतिबंधातील तिच्या स्थानावर अवलंबून असतो, ही त्यांची भूमिका होती. तिने उत्तरदायित्व नाहीसे होत नाही; उलट ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याचे उत्तरदायित्व अधिक, असा निष्कर्ष त्यातून काढता येतो. हा निष्कर्ष त्यांनी स्वतः पुरेसा स्पष्ट केला नाही, हे मात्र त्यांच्या मांडणीतील न्यून मानावे लागेल. हान्स पेटर ड्युर यांनी इ. स. १९८८ पासून अनेक खंडांत घेतलेला आक्षेप निराळा आहे : लज्जा ही सर्व मानवसमाजांत आढळते, तिचा चढता आलेख काढता येत नाही. या आक्षेपाने प्रक्रियेच्या दिशेविषयी शंका निर्माण होते. बंदिस्त मानवाच्या कल्पनेवरील टीका मात्र त्याने बाधित होत नाही.

एलिआस यांना मान्यता फार उशिरा मिळाली. लेस्टर येथे अध्यापकपद लाभले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती इ. स. १९६९ मध्ये निघाल्यावरच त्याची व्यापक चर्चा सुरू झाली. व्यक्तींच्या समाजाविषयीचे त्यांचे तीन निबंध इ. स. १९८७ मध्ये ग्रंथरूपाने आले, आणि इ. स. १९९० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. त्या निबंधांपैकी पहिला आणि तिसरा यांच्यात सुमारे अर्धशतकाचे अंतर आहे. एवढ्या काळात प्रश्न बदलला नाही, परंतु त्याचे स्वरूप बदलले : व्यक्ती मोठी की समाज मोठा, याऐवजी कोणत्या काळी, कोणत्या बंधनांत 'मी' आणि 'आम्ही' यांचा तोल कोणीकडे झुकतो, असे विचारणे शक्य झाले. पहिल्या प्रश्नावर केवळ पक्ष घेता येतो. दुसऱ्याचे उत्तर पुराव्याच्या आधारे शोधता येते.