गोळीच्या नावातलं विद्यापीठ

हृदयात धातूची झडप बसवलेलं माणूस घरात असलं की रक्त गोठू न देणारी वॉरफरिन ही गोळी ओळखीची होते. ती ठरल्या वेळी घ्यायची, अधूनमधून रक्त किती वेळात गोठतं ते सांगणारा आयएनआर तपासायचा, पालेभाजी एकदम वाढवायची नाही की सोडायची नाही. या गोळीच्या नावात एक संस्था बसली आहे. ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ची आद्याक्षरं म्हणजे ‘वॉर्फ’, त्याला कुमरिन या रसायनाचं शेपूट जोडलेलं.

अमेरिकेतला विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा प्रांत. तिथल्या विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातली स्निग्धता मोजायची सोपी चाचणी बसवली आणि पेटंट न घेता सर्वांना देऊन टाकली. मोठ्या मनाचं काम. पण उद्या कुणी कसलीही उपकरणं विकली, तरी त्याला आवरायचा हक्क विद्यापीठाकडे उरला नाही.

तिथलेच हॅरी स्टीनबॉक या वाटेनं गेले नाहीत. अतिनील किरण दिलेल्या अन्नात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि मुडदूस टळतो, हे १९२३-२४ च्या सुमारास त्यांना दिसलं. पदरचे ३०० डॉलर घालून त्यांनी पेटंटचा अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनीनं मोठी रक्कम देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाबाहेर स्वतंत्र संस्था काढली, तीच ही वॉर्फ. पेटंट तिनं सांभाळायचं, परवाने तिनं द्यायचे आणि मिळकत पुन्हा संशोधनात घालायची. १९२७ मध्ये परवाना क्वेकरलाही मिळाला, पण संस्थेच्या अटींवर. व्यवस्था निर्मळ होती असं मात्र नाही. लोण्याचा धंदा राखण्यासाठी मार्जरीनवाल्यांना परवाना नाकारला गेला, आणि मार्जरीन हे तर गरिबाचं लोणी. पुढे १९४० च्या दशकात न्यायालयानं ही पेटंटं रद्द ठरवली.

ही झाली विद्यापीठातून उत्तर बाहेर जाण्याची वाट. प्रश्न आत आला तो १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळातून. एक शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठाच्या गावी, मॅडिसनला पोचला. गाडीत मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन आणि गुरांना घातलेलं कुजकं गवत. विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचं दार त्याला उघडं सापडलं. त्या गवतातल्या कुमरिनपासून बुरशीमुळे डायकुमरॉल बनतं. ते के जीवनसत्त्वाचं काम अडवतं आणि रक्त गोठेनासं होतं. हे रसायन वेगळं काढायला १९३९ उजाडलं. सहा वर्षं बाजारात विकण्याजोगं हाती काहीच नव्हतं.

त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आलं ते उंदीर मारायला. १९५१ मध्ये एका सैनिकानं आत्महत्येसाठी ते विष खाल्लं आणि के जीवनसत्त्व दिल्यावर तो वाचला. उतारा हाताशी असल्याचा भरवसा वाढला. १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकारानंतर ते दिलं गेलं.

सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचं पेटंट विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदा अमेरिकेत १९८० मध्ये झाला. तो घडवण्यात वॉर्फचे वकील हॉवर्ड ब्रेमर यांचा मोठा हात होता. त्यानंतर विद्यापीठाविद्यापीठांत परवाने देणारी कार्यालयं उघडली. वॉर्फचा कित्ता असा गिरवता येतो. पण कुजक्या गवताचा भारा घेऊन आलेल्याला आत घेणारं दार कायद्यानं उघडत नाही.