सेकंड लाईफमधलं कलाविश्व: कलाकृती आपली, पण जागा भाड्याची

आपण इन्स्टाग्रामवर एखादं चित्र टाकतो, यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो. ते आपलं असतं की कंपनीचं? उद्या कंपनीने दुकान बंद केलं तर त्याचं काय होणार? सोशल मीडियावर काही ना काही तयार करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी तरी पडतोच.

या प्रश्नाला वीस वर्षांहून जास्त काळ तोंड देणारा कलाकारांचा एक समूह आहे. हे लोक कॅनव्हासवर रंगवत नाहीत आणि दगडही फोडत नाहीत. ते सेकंड लाईफ नावाच्या आभासी जगात शिल्पं, इमारती, अख्खी गावं उभारतात आणि जगभरातल्या लोकांना ती बघायला बोलावतात. त्यांचं काम कसं चालतं आणि त्यांच्या अनुभवातून आपल्याला काय घेता येईल, ते समजून घेऊया.

सेकंड लाईफ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये लिंडेन लॅब ही कंपनी सुरू केली. या कंपनीने २३ जून २००३ रोजी सेकंड लाईफ लोकांसाठी खुलं केलं.

दिसायला हे गेमसारखं आहे, पण इथे गुण नाहीत, लेव्हल नाही, कुणी जिंकत किंवा हरत नाही. खातं फुकट उघडता येतं. मग एक अवतार घ्यायचा, त्याला हवं ते रूप द्यायचं आणि फिरायला लागायचं. इथे येणाऱ्यांना कंपनी 'रहिवासी' म्हणते. महत्त्वाची गोष्ट अशी की या जगातली बहुतेक प्रत्येक वस्तू, म्हणजे घरं, कपडे, झाडं, गाड्या, कंपनीने नव्हे तर रहिवाशांनीच बनवलेली आहे.

इथलं चलन लिंडेन डॉलर. ते खऱ्या पैशांनी विकत घेता येतं आणि कमावलेले लिंडेन डॉलर विकून खरे पैसेही मिळवता येतात. म्हणूनच इथे दुकानं चालतात, जमिनी भाड्याने जातात आणि कलाकृतीही विकल्या जातात.

कलाकृती तयार कशी होते?

सुरुवातीच्या काळात सगळं 'प्रिम' नावाच्या तुकड्यांपासून बनायचं. प्रिम म्हणजे ठोकळा, गोळा, नळकांडं असे साधे आकार. ते ताणायचे, वळवायचे, पोकळ करायचे, एकमेकांना जोडायचे आणि वर चित्र चिकटवायचं. बाहेर तयार केलेलं चित्र आत आणण्याचं शुल्क बरीच वर्षं १० लिंडेन डॉलर होतं, म्हणजे अगदी काही रुपये. पुढे २०११ मध्ये 'मेश'ची सोय आली आणि ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली थ्रीडी मॉडेलं थेट आत आणता येऊ लागली.

वस्तूला जिवंतपणा द्यायचा असेल तर तिच्यात छोटा प्रोग्रॅम लिहायचा. त्यासाठी या जगाची स्वतःची स्क्रिप्टिंग भाषा आहे. अवतार जवळ आला की शिल्पाने मान वळवावी, दार उघडावं, आवाज यावा, हे सगळं त्यातून होतं.

फोटोशॉप किंवा ब्लेंडरपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. काम चालू असताना दुसरे लोक शेजारी उभे राहून बघू शकतात, मदत करू शकतात, तिथल्या तिथे शिकू शकतात. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्यांच्यासाठी 'सँडबॉक्स' नावाच्या मोकळ्या जागा असतात. तिथे कुणीही बांधून बघावं. ठराविक तासांनी तिथल्या वस्तू आपोआप मालकाकडे परत जातात. अनेक जण पहिला ठोकळा ठेवायला शिकले ते अशाच जागी.

प्रदर्शन कसं भरतं?

खऱ्या गॅलरीसारखंच. तारीख ठरते, निमंत्रण जातं, निमंत्रणात जागेचा पत्ता असतो. पत्त्यावर क्लिक केलं की अवतार थेट तिथे पोचतो. उद्घाटनाला संगीत असतं, लोक गप्पा मारतात, कलाकार स्वतः हजर असतो. दाराजवळ एक दानपेटी असते. आवडलं तर लोक त्यात लिंडेन डॉलर टाकतात.

सेकंड लाईफचं घड्याळ मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चालतं. तिथे दुपारी एकचा कार्यक्रम असेल, तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. भारतातून उद्घाटनाला हजर राहायचं म्हणजे जागरणाची तयारी हवी. प्रदर्शन मात्र पुढे कितीतरी दिवस चोवीस तास उघडं असतं.

कोणती कामं गाजली?

बाहेरच्या कलाविश्वातली नावाजलेली माणसंही इथे आली. चीनच्या काओ फेई यांनी 'चायना ट्रेसी' नावाचा अवतार घेऊन इथे फिरताना चित्रीकरण केलं आणि त्यातून 'आय मिरर' ही फिल्म बनवली. ती २००७ च्या व्हेनिस बिएनालेत दाखवली गेली. त्यानंतर त्यांनी 'आरएमबी सिटी' हे शहरच उभं केलं. त्यात हवेत तरंगणारा पांडा होता, क्रेनला लटकलेली बीजिंगची सीसीटीव्हीची इमारत होती, भलंमोठं चक्र होतं. चीनची शहरं किती वेगाने बदलत होती, त्यावरचं हे भाष्य होतं. हे शहर २००९ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याला 'महापौर'ही होते. पहिला मान स्विस कलासंग्राहक उली सिग यांना मिळाला.

इटालियन जोडी इव्हा आणि फ्रँको मॅटेस यांनी २००७ पासून गाजलेले परफॉर्मन्स अवतारांकडून पुन्हा करवून घेतले. मरिना अब्रामोविच आणि उलाय यांनी १९७७ मध्ये एका दारात समोरासमोर नग्न उभं राहून प्रेक्षकांना मधून अंग चोरून जायला लावलं होतं. तोच प्रयोग अवतारांनी केला. ज्यांना शरीरच नाही त्यांना संकोच वाटतो का, हा त्यातला प्रश्न.

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी २००८ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, इथे 'उव्हरवार' नावाचं आपलं संग्रहालय उघडलं.

पण या जगाचा कणा म्हणजे इथेच घडलेले कलाकार. त्यातलं एक मोठं नाव ब्रिन ओ. टोरांटोमधल्या एका चित्रकाराचा हा अवतार. 'इमर्सिव्हा' नावाच्या जागेवर ब्रिन ओने एकामागून एक कथा उभारल्या. प्रेक्षकाने त्यात चालायचं, कोपरे धुंडाळायचे आणि गोष्टीचे तुकडे स्वतः जुळवायचे.

हक्क कोणाचा?

सुरुवातीला सेकंड लाईफचे नियमही इतर ऑनलाईन जगांसारखेच होते. नोव्हेंबर २००३ मध्ये लिंडेन लॅबने जाहीर केलं की रहिवाशांनी बनवलेल्या गोष्टींचे बौद्धिक संपदा हक्क त्यांच्याकडेच राहतील. त्या काळात हे फार वेगळं होतं. वस्तू विकतानाही बनवणारा ठरवू शकतो की घेणाऱ्याला तिची नक्कल करता येईल का, तिच्यात बदल करता येईल का, ती पुढे कुणाला देता येईल का.

पण कागदावर हक्क असणं आणि तो टिकवणं यात अंतर असतं. नोव्हेंबर २००६ मध्ये 'कॉपीबॉट' नावाचं साधन बाहेर आलं. मुळात तांत्रिक चाचणीसाठी केलेला हा प्रोग्रॅम वापरून दुसऱ्याची वस्तू परवानगीशिवाय उचलता येऊ लागली. संतापलेल्या दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. शेवटी अशी नक्कल करणं म्हणजे नियमभंग आहे, असं कंपनीने जाहीर केलं.

दुसरा वाद ऑगस्ट २०१३ मधला. नव्या अटींमध्ये कंपनीने लोकांची निर्मिती हव्या त्या कारणासाठी वापरण्याचा फार व्यापक अधिकार स्वतःकडे घेतला. मालकी तुमची, पण वापर आम्ही कसाही करू, असा त्याचा अर्थ कलाकारांनी काढला. निर्माते एकत्र आले, विरोध झाला. कलाकारांना टेक्स्चर पुरवणाऱ्या काही वेबसाइटींनी आपलं साहित्य सेकंड लाईफमध्ये वापरायला मनाई केली. जुलै २०१४ मध्ये कंपनीने अटी बदलून तो अधिकार मर्यादित केला. 'मला अटी मान्य आहेत' यावर न वाचता क्लिक करणाऱ्या आपल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा हा प्रसंग आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण जमिनीत आहे. कलाकृती उभी करायला जागा लागते आणि ती जागा कंपनीच्या सर्व्हरवर असते. जमिनीचा एक पूर्ण तुकडा २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद. त्याला 'रिजन' म्हणतात. २००६ च्या अखेरीपासून पुढे बरीच वर्षं खासगी रिजनचं भाडं महिन्याला २९५ डॉलर होतं. नंतर ते कमी झालं, तरी दानपेटीत जमणाऱ्या पैशांतून ते भागवणं सोपं नाही.

भाडं थांबलं की रिजन जातं. कलाकाराने वेळेत आवरलं तर वस्तू त्याच्या खात्यात परत येतात. पण मांडणी, प्रकाश, एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी वाट, म्हणजे ज्यामुळे ती कलाकृती होती ते सगळं मोडतं. आरएमबी सिटीसुद्धा २०११ मध्ये बंद झाली. आज तिचे व्हिडिओ बघता येतात, तिच्यात चालता मात्र येत नाही.

यावर समूहाने उपायही काढला होता. २०१० मध्ये लिंडेन लॅब आणि कलाकार रहिवाशांनी मिळून 'लिंडेन एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' सुरू केलं. जमीन कंपनीची, कारभार स्वयंसेवकांचा. अर्ज करून निवड झाली की कलाकाराला काही महिने फुकट जागा मिळायची. जे एरवी भाडं देऊच शकले नसते अशा अनेकांनी त्यातून मोठी कामं केली. २०१९ मध्ये हा उपक्रम बंद झाला.

काही जण मात्र मोडणं हाच कलेचा भाग मानतात. अमेरिकेतल्या 'बर्निंग मॅन' महोत्सवाची आभासी आवृत्ती इथे २००३ पासून भरते. आधी तिचं नाव 'बर्निंग लाईफ' होतं, आता 'बर्न टू' आहे. महोत्सव संपला की उभारलेलं सगळं काढून टाकलं जातं. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाणार हे घालणारीला माहीत असतं, तसंच. फरक इतकाच की रांगोळी कधी पुसायची ते तीच ठरवते. कलाकाराने स्वतः मोडणं वेगळं आणि भाडं थकल्यामुळे मोडणं वेगळं.

काम जपायचं कसं?

या समूहाने अनुभवातून काही मार्ग शोधले आहेत.

पहिला मार्ग चित्रीकरणाचा. आभासी जगात चित्रित केलेल्या फिल्मला 'मॅशिनिमा' म्हणतात. प्रदर्शन चालू असतानाच अशी फिल्म आणि भरपूर फोटो काढून ठेवले जातात. फ्लिकरवर सेकंड लाईफच्या फोटोंचे मोठे ग्रुप आहेत.

दुसरा मार्ग प्रत ठेवण्याचा. फायरस्टॉर्म नावाच्या सॉफ्टवेअरमधून वस्तू स्वतःच्या संगणकावर उतरवता येतात, पण फक्त स्वतः बनवलेल्या. त्यामुळे दुसऱ्याचं झाड किंवा खुर्ची वापरली असेल तर तेवढी जागा रिकामी राहते.

तिसरा मार्ग दुसऱ्या जगाचा. ओपनसिम्युलेटर या खुल्या सॉफ्टवेअरवर कुणालाही स्वतःचं आभासी जग चालवता येतं. काही कलाकारांनी आपली कामं तिथे हलवली. मात्र तिथे वर्दळ फार कमी असते.

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पाठिंब्याने काही विद्यापीठांनी २००८ च्या सुमारास आभासी जगं जतन करण्याचा प्रकल्प केला. त्यात सेकंड लाईफचाही अभ्यास झाला. तांत्रिक प्रश्न होतेच, पण एकाच जागेवर अनेकांनी बनवलेल्या वस्तू असल्यामुळे प्रत्येकाची परवानगी मिळवणं हीसुद्धा मोठी अडचण होती. म्हणजे कलाकाराला संरक्षण देणारा हक्कच जतन करणाऱ्याच्या वाटेत येतो.

आपल्याला यातून काय घेता येईल?

सेकंड लाईफ आजही चालू आहे. सगळ्यांचं नशीब असं नसतं. मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस व्हीआर हे आभासी जग १० मार्च २०२३ रोजी बंद केलं. आपल्या ओळखीचं उदाहरण ऑर्कुटचं. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावागावांतल्या मराठी कलाकारांचे व्हिडिओ आणि त्यांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत हातचा गेला.

त्यामुळे या कलाकारांच्या सवयी आपणही लावून घ्याव्यात. मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. दुसऱ्याचं संगीत किंवा चित्र वापरलं असेल तर त्याची नोंद ठेवा. अटी बदलल्याचा मेल आला तर तो उघडून वाचा. आणि आपले प्रेक्षक एकाच ॲपवर अडकून राहणार नाहीत, याची सोय आधीच करा. भाड्याच्या जागेतही संसार छान होतो, फक्त महत्त्वाची कागदपत्रं आपल्या पेटीत असावी लागतात.